नॉर्स मायथॉलॉजीतल्या शिक्षा कळत नसतील तर आधी नाती मांडा

नॉर्स मायथॉलॉजी वाचायला घेतलेले बरेच जण एकाच जागी अडकतात. लोकीने मुख्य देव ओडिनच्या मुलाचा, बाल्डरचा जीव घेतला तरी देव त्याला मारत नाहीत, नुसतं बांधून ठेवतात, आणि तेही त्याच्याच मुलाच्या आतड्यांनी. आंधळा होड, ज्याच्या हातून लोकीने तो वार करवला आणि ज्याला आपल्या हातात काय आहे हेही माहीत नव्हतं, तो मात्र जिवानिशी जातो. फेन्रिर लांडग्याने तर तोपर्यंत काहीच केलेलं नसतं तरी त्याला जखडतात. गुन्हा एकीकडे आणि शिक्षा भलतीकडे असं वाटत राहतं, आणि मग लोक म्हणतात की हे देव लहरी आहेत, सोडून द्या.

लहरी नाहीयेत. फक्त हिशोब पाप-पुण्याचा नाहीये, नात्याचा आहे. "ह्याने काय चूक केली" हा प्रश्न बाजूला ठेवून "हा कोणाचा कोण लागतो आणि ह्याला हात लावायचा हक्क कोणाला आहे" असं विचारायला लागलात की ह्या कथा एकदम उलगडतात. मी कशी वाचतो ते सांगतो, एक कागद आणि पेन घेऊन बसा.

आधी सिनेमातलं डोक्यातनं काढा. सुपरहिरो सिनेमांमुळे पक्का समज झालाय की लोकी हा ओडिनचा दत्तक मुलगा आणि थॉरचा भाऊ, आणि हेल (मेलेल्यांच्या जगाची मालकीण) ही ओडिनची मुलगी. मूळ कथांत ह्यातलं काहीच नाही. लोकी हा फारबाउटी नावाच्या योटुनचा (म्हणजे राक्षसकुळातला) आणि लाउफेचा मुलगा, हेल ही त्याची मुलगी, आणि ओडिनशी त्याचं नातं वेगळंच आहे, त्याच्याकडे येतोच. हे एवढं दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण नातं चुकलं की शिक्षेचा अर्थ पण चुकतो.

मग वाचायचं काय? मुख्य दोन गोष्टी. एक पोएटिक एडा, म्हणजे जुन्या कवितांचा संग्रह, ज्यातल्या बहुतेक कविता १२७० च्या आसपास आइसलँडमध्ये लिहिलेल्या कोडेक्स रेगियस ह्या हस्तलिखितामुळे वाचल्या. दुसरी प्रोज एडा, ती स्नोरी स्टुर्लुसनने साधारण १२२० च्या सुमारास लिहिली. आइसलँड ख्रिश्चन झालं इसवी सन १००० च्या आसपास, म्हणजे स्नोरी स्वतः ख्रिश्चन होता आणि दोनशे वर्षांनी मागे वळून लिहीत होता, हे लक्षात ठेवून वाचायचं. स्नोरी खूप व्यवस्थित सांगतो, कविता तुटक सांगतात, त्यामुळे कथा स्नोरीकडून समजून घ्या आणि मग कवितेत जाऊन तपासा असा क्रम मला सगळ्यात बरा वाटतो.

आणि ज्या समाजात हे लिहिलं गेलं तो थोडा माहीत हवाच, नाहीतर सगळं हवेत राहतं. आइसलँडमध्ये ९३० च्या सुमारास आल्थिंग ही सभा सुरू झाली, तिथे कायदे होते, खटले चालायचे, निकाल लागायचे, पण निकाल अंमलात आणायला राजा नव्हता, पोलीस नव्हते, १२६२ नंतर नॉर्वेच्या राजाची सत्ता आली तोपर्यंत हे असंच. म्हणजे तुमच्या भावाला कोणी मारलं तर ते बघायचं कोणी? तुम्ही. एकतर सूड घ्यायचा, नाहीतर मारणाऱ्याच्या घरच्यांकडून भरपाई घ्यायची, नाहीतर सभेत त्याला बहिष्कृत ठरवून घ्यायचं, मग त्याला मारलं तरी गुन्हा नाही. भरपाई किती आणि कोणाला, ह्याचे तपशील कायद्यात होते, अगदी लांबच्या चुलत भावंडांपर्यंत, देणाऱ्याच्या बाजूनेही आणि घेणाऱ्याच्या बाजूनेही. आता विचार करा, अशा व्यवस्थेत खून करणारा आणि मेलेला एकाच घरातले असतील तर? भरपाई कोण कोणाला देणार, सूड कोण कोणावर घेणार? हीच ती गाठ आहे, आणि देवांच्या जवळजवळ सगळ्या शिक्षा ह्याच गाठीभोवती फिरतात. (स्नोरीला हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती, १२४१ साली त्याला त्याच्याच घरात, रेकहोल्टला मारलं गेलं आणि माणसं घेऊन आलेला गिसूर थोर्वाल्डसन हा त्याचा एकेकाळचा जावई होता.)

आता कागदावर वंशावळ काढायला घ्या, पण सुरुवात आईकडून करा. हे मी मुद्दाम सांगतोय. बापाकडून काढलीत तर "देव विरुद्ध राक्षस" असं साधं चित्र दिसतं, आईकडून काढलीत की ते चित्र मोडतं. ओडिनची आई बेस्टला, ती बोल्थॉर्न ह्या योटुनची मुलगी. थॉरची आई योर्ड, तीही योटुनांमध्ये गणली जाते. ओडिनचा मुलगा विदार, त्याची आई ग्रिड, योटुन. म्हणजे देव ज्यांना शत्रू म्हणतात ते त्यांचे आजोळचे लोक आहेत! आणि मग सुरुवातीचीच कथा घ्या, ओडिन आणि त्याचे भाऊ विली आणि वे हे तिघं यमिरला मारतात, त्याच्या शरीरापासून जग बनवतात, त्याच्या रक्ताच्या पुरात बेर्गेल्मिर आणि त्याच्या घरचे सोडून सगळे योटुन बुडतात. यमिर हा सगळ्या योटुनांचा मूळपुरुष, म्हणजे आईच्या बाजूने ह्या तिघांचा पूर्वज. जगाची पहिली घटनाच स्वकीयाची हत्या आहे आणि तिची भरपाई कोणी मागितलेली नाही, कोणी दिलेली नाही. हे कागदाच्या सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहा, कारण शेवटापर्यंत हे येणं बाकी राहतं असं मला वाटतं.

वंशावळीत रक्ताच्या रेषा काढून झाल्या की दुसऱ्या रंगाने बाकीची नाती काढा. लग्नाची, पालनपोषणाची, ओलीस म्हणून आलेल्यांची, आणि शपथेने जोडलेल्या भावांची. ओलीस म्हणजे न्योर्ड आणि त्याची मुलं फ्रेय आणि फ्रेया, हे वानिर ह्या देवांच्या कुळातले, एसिर (म्हणजे ओडिन-थॉरचं कुळ) आणि वानिर ह्यांच्या युद्धानंतर तहात एसिरांकडे आले. शपथेचं नातं म्हणजे ओडिन आणि लोकी. लोकासेन्ना ह्या कवितेत लोकी भर मेजवानीत ओडिनला आठवण करून देतो की आपण पूर्वी रक्तात रक्त मिसळलं होतं आणि तू म्हणाला होतास की दोघांना दिल्याशिवाय मी पेय घेणार नाही. आणि ओडिन ऐकतो! त्याच्यावर चिडलेला असूनही तो आपल्या मुलाला, विदारला, उठायला सांगतो आणि लांडग्याच्या बापाला (म्हणजे लोकीलाच, फेन्रिर त्याचा मुलगा) बसू दे म्हणतो. हाच विदार पुढे त्या लांडग्याला मारणार आहे. एका ओळीत इतकं सगळं भरलेलं मी दुसरीकडे फार कमी वाचलंय.

आता प्रत्येक शिक्षेला चार प्रश्न विचारायचे: नुकसान कोणाचं झालं, करणारा त्याचा कोण लागतो, त्याला मारायची वाट मोकळी आहे का, आणि मोकळी नसेल तर त्याऐवजी काय केलं आणि किंमत कोणी दिली. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण किंमत देणारा बहुतेक वेळा तिसराच कोणीतरी असतो.

बाल्डरवर हे लावून बघू, सावकाश. बाल्डर हा ओडिन आणि फ्रिगचा मुलगा. त्याला वाईट स्वप्नं पडायला लागतात म्हणून फ्रिग जगातल्या प्रत्येक वस्तूकडून शपथ घेते की बाल्डरला इजा करणार नाही, फक्त मिस्लटोचं कोवळं रोप तिला शपथ घेण्याजोगं मोठं वाटत नाही. लोकी हे तिच्याकडूनच काढून घेतो, ते रोप आणतो, बाजूला उभ्या असलेल्या आंधळ्या होडच्या हातात देतो आणि नेम धरायला मदत करतो. बाल्डर मरतो. आता स्नोरी काय लिहितो ते बघा, सगळे देव सुन्न होऊन एकमेकांकडे बघतायत, कोणी केलं ह्याबद्दल सगळ्यांचं एकच मत आहे, पण कोणीही हात उचलू शकत नाही कारण ती जागा पवित्र आहे, तिथे रक्त सांडायचं नाही. आणि जागेचं सोडा, होड हाही ओडिनचाच मुलगा आहे. एका मुलाचा सूड दुसऱ्या मुलावर घ्यायचा कसा? जुन्या इंग्रजीतल्या बेवुल्फमध्ये हुबेहूब हीच अडचण आहे, ह्रेथेल राजाच्या एका मुलाच्या बाणाने चुकून दुसरा मुलगा मरतो आणि राजा काहीच करू शकत नाही, झुरून मरतो. म्हणजे हा त्या सगळ्या पट्ट्यातल्या लोकांना छळणारा प्रश्न होता.

ओडिन झुरत बसत नाही, तो वेगळाच मार्ग काढतो, रिंडकडून नवीन मुलगा जन्माला घालतो. त्याचं नाव वाली. हा वाली एका रात्रीचा असताना होडला मारतो आणि कविता सांगतात की तोपर्यंत त्याने हात धुतले नाहीत, केस विंचरले नाहीत. जो बाल्डर आणि होड ह्यांच्यासोबत वाढलाच नाही, ज्याचा जन्मच ह्या कामासाठी झाला, त्याच्याकडून हे करून घेतलं. पण रेषा बघा कागदावर, वाली हाही होडचा सावत्र भाऊच. गाठ सुटली नाही, एक पदर अजून वाढला. आणि होडला माहीत नव्हतं ह्याला काही किंमत नाही, कारण हाताने कोणाच्या झालं हा एक हिशोब आणि डोकं कोणाचं होतं हा दुसरा, दोन्ही वेगळे चुकते होतात. होडचा पहिला झाला, लोकीचा दुसरा.

मधला भाग लोक भरभर वाचून पुढे जातात, तिथे थांबा. बाल्डरला परत आणायला ओडिनच्या घरचा हर्मोड नऊ रात्री घोडा दौडवत हेलकडे जातो. घोडा कोणता? स्लेप्निर, आठ पायांचा, ज्याची आई लोकी आहे, घोडीचं रूप घेऊन स्वादिलफारी घोड्यापासून झालेला. जाऊन विनंती कोणाला करायची? हेलला, म्हणजे लोकीच्या मुलीला, जिला ह्याच ओडिनने लहानपणी उचलून खाली निफ्लहेममध्ये टाकलं. ती अट घालते की जगातलं सगळं, जिवंत आणि निर्जीव, बाल्डरसाठी रडलं तर सोडते. सगळं रडतं, एक थोक्क नावाची बाई सोडून, आणि लोक म्हणतात ती लोकीच होती. म्हणजे ओडिनच्या घरच्यांनी लोकीच्या एका लेकराच्या पाठीवर बसून लोकीच्या दुसऱ्या लेकराकडे न्याय मागितला आणि लोकीने तो अडवला. हेल काही अन्याय करत नाही, तिला दिलेल्या अधिकारातच बोलते, आणि तो अधिकार शिक्षा म्हणून ओडिननेच दिलेला. वंशावळ समोर नसेल तर हे दिसतच नाही.

मग लोकीला पकडतात. तो डोंगरावर चार दारांचं घर बांधून राहतो, सॅमन मासा बनून धबधब्यात लपतो, थॉर त्याला शेपटीला धरून पकडतो. म्हणजे तो देवांच्या पवित्र जागेच्या बाहेर सापडलाय, स्नोरी स्पष्ट म्हणतो की आता त्याला कसलंही अभय नव्हतं. तरी मारत नाहीत. माझ्या मते ओडिनची शपथ इथे आड येते, स्नोरी ते शब्दांत सांगत नाही पण लोकासेन्नाशेजारी ठेवून वाचलं की दुसरं कारण मला तरी पटत नाही. त्याऐवजी त्याच्या आणि सिगिनच्या दोन मुलांना आणतात, एकाला लांडगा बनवतात, तो आपल्या भावाला फाडतो, आणि त्या आतड्यांनी लोकीला तीन उभ्या दगडांवर बांधतात, मग ती आतडी लोखंड होतात. इथे चारही प्रश्नांची उत्तरं एकदम मिळतात. लोकीने एका भावाकडून दुसरा भाऊ मारवला, तर त्याच्या घरातही भावाकडून भाऊ मारला गेला. जसं नुकसान केलं अगदी तसंच परत दिलं आणि किंमत दिली ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांनी.

इथे एक गोंधळ टाळा, स्नोरीच्या सांगण्यात लांडगा झालेल्या मुलाचं नावही वाली आहे आणि मेलेला नारफी, म्हणजे ओडिनचा वाली वेगळा, लोकीचा वाली वेगळा. लोकासेन्नाच्या शेवटच्या गद्यात मात्र नारी मेला आणि नारफी लांडगा झाला असं आहे. कागदावर "ओ-वाली" आणि "लो-वाली" असं लिहून टाका, पुढचा त्रास वाचतो.

लोकीच्या तोंडावर विषारी साप टांगते ती स्काडी. तीच का? तिचा बाप थ्याझी, त्याला एसिरांनी मारलं आणि त्या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी लोकी होता. ती तेव्हा शस्त्रं घेऊन एकटी एसिरांकडे आली होती आणि देवांनी तिला रीतसर भरपाई दिली, नवरा निवडायची परवानगी (फक्त पाय बघून, आणि तिला न्योर्ड मिळाला), तिला हसवायची अट पुरी केली, ओडिनने थ्याझीचे डोळे आकाशात फेकून त्यांचे तारे केले. कागदोपत्री मिटलं होतं. तरी साप टांगायला तीच येते. भरपाई घेतल्याने बापाचं दुःख संपत नाही हे ह्या एका छोट्या तपशिलात आहे. आणि सिगिन, लोकीची बायको, वाडगं धरून विष झेलत बसते, ते ओतायला गेली की थेंब चेहऱ्यावर पडतात, लोकी तडफडतो, तेच भूकंप. इंग्लंडमध्ये कंब्रियात गॉसफर्थ इथे दहाव्या शतकातला दगडी क्रॉस आहे, त्याच्यावर बांधलेला माणूस आणि वाडगं धरलेली बाई कोरलेली दिसते. दोन्ही मुलं गेल्यावर उरलेलं एकच नातं ती धरून ठेवते, तिची काहीही चूक नसताना, आणि कथा तिच्याबद्दल दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही ह्याचं मला वाईट वाटतं.

फेन्रिरची कथा आता तुम्ही स्वतः सोडवू शकाल. तो लोकी आणि आंगरबोडाचा मुलगा, देवांच्याच घरी वाढलेला, आणि त्याला खायला घालायची हिंमत फक्त टिर ह्या देवाला होती. गुन्हा शून्य, फक्त भाकितं वाईट आणि आकार वाढता. दोन बेड्या तो तोडतो, तिसरी ग्लेप्निर, मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी ह्या सहा गोष्टींची. तारण म्हणून टिर त्याच्या तोंडात हात ठेवतो आणि हात जातो. इथे किंमत देवाने दिली, आणि बघा कोणी दिली, ज्याने त्याला वाढवलं त्याने. मारला का नाही? पुन्हा पवित्र जागा, स्नोरी तेच कारण देतो.

देव स्वतः आरोपीच्या जागी उभे असलेली कथा पण नक्की वाचा, नाहीतर वाटेल की शिक्षा वरून खालीच जाते. ओडिन, होनिर आणि लोकी जाताना एक पाणमांजर मारतात, तो निघतो ह्रेडमारचा मुलगा ओटर. ह्रेडमार त्यांना पकडून भरपाई मागतो, कातडं सोन्याने झाकायचं, आणि देव मुकाट्याने देतात, शेवटची एक मिशी झाकायला आंद्वारी नावाच्या बुटक्याची अंगठीसुद्धा. त्या सोन्याला शाप आहे. पुढे ह्रेडमारचाच दुसरा मुलगा फाफ्निर त्याच सोन्यासाठी बापाला मारतो. म्हणजे भरपाई पूर्ण झाली आणि तिनेच ते घर संपवलं.

एवढं झाल्यावर राग्नारोककडे, म्हणजे जगाच्या शेवटाच्या कथेकडे जा, आधी नको. व्होलुस्पा ही कविता जगाच्या शेवटाची खूण काय सांगते तर भाऊ भावाशी लढतील, एकमेकांना मारतील, बहिणींची मुलं नातं मोडतील. सूर्य काळा पडणं, समुद्रात जमीन बुडणं हे सगळं त्याच्यानंतर येतं. मग जोड्या लावा: फेन्रिर ओडिनला गिळतो आणि मुलगा विदार जबडा फाडून सूड घेतो, थॉर योर्मुंगांड सापाला मारून नऊ पावलं चालून पडतो, लोकी आणि हेमडाल एकमेकांना मारतात. ज्यांना बांधलं, फेकलं, लांब ठेवलं ते सगळे परत येतात. आणि वाचतात कोण ते कागदावर गोल करा: विदार, ओ-वाली, थॉरची मुलं मोदी आणि माग्नी, म्हणजे सगळी पुढची पिढी, आणि हेलकडून एकत्र परत येणारे बाल्डर आणि होड. मारणारा आणि मेलेला भाऊ एकाच घरात राहायला येतात आणि कोणी कोणाकडे काही मागत नाही.

स्नोरीचं सांगणं हेच अंतिम धरू नका, डॅनिश इतिहासकार साक्सो ग्रामॅटिकसची आवृत्तीही बघा, साधारण १२०० च्या सुमाराची. तिथे होड आंधळा नाही, बाल्डरचा भाऊ नाही, दोघं नान्नाच्या प्रेमात पडलेले प्रतिस्पर्धी आहेत, आणि लोकी त्यात नाहीच. भावाचं नातं काढल्याबरोबर कथा साध्या युद्धाची होते. आणि तिथे शिक्षा ओडिनलाच होते, सूड घेणारा मुलगा मिळवायला त्याने रिंडावर जी जबरदस्ती केली त्यासाठी बाकीचे देव त्याला हाकलून देतात. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कळतं की कोणतं नातं बदललं की कोणती शिक्षा बदलते.

सरावाला पोएटिक एडातली ग्रिम्निस्माल ही कविता घ्या. दोन राजपुत्र, आग्नार दहा वर्षांचा आणि गेइरोड आठचा, ओडिन आणि फ्रिग त्यांना वाढवतात, फ्रिग मोठ्याला आणि ओडिन धाकट्याला. घरी परतताना धाकटा मोठ्याची होडी समुद्रात ढकलून देतो आणि स्वतः राजा होतो. वर्षांनंतर ओडिन वेष बदलून त्याच्याकडे येतो आणि गेइरोड त्याला ओळखत नाही, आठ रात्री दोन आगींच्या मध्ये बसवून छळतो. त्याला पेय आणून देतो तो गेइरोडचा दहा वर्षांचा मुलगा, त्याचं नाव काकाचंच, आग्नार. शेवटी गेइरोड स्वतःच्याच तलवारीवर पडतो. चार प्रश्न लावा, आणि एक जास्तीचा, ओडिनने त्याला हात का लावला नाही? उत्तर शोधताना पालनपोषणाची रेषा दुसऱ्या रंगाने काढायला विसरू नका.